प्रमाण आणि पासंग : नेत्रदाबमापकाच्या अंशशोधनाचा विचार

मराठीत डोळ्यांच्या दोन विकारांची नावे जोडीने उच्चारली जातात : मोतीबिंदू आणि काचबिंदू. नावांतील हे भावंडांसारखे साम्य दिशाभूल करणारे आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून टाकले की गेलेली दृष्टी बहुधा परत येते. काचबिंदूत दृष्टिचेतेचे तंतू हळूहळू नाश पावतात आणि एकदा गेलेला तंतू परत येत नाही. 'बिंदू पिकू द्या, मग काढू' या मोतीबिंदूविषयीच्या जुन्या समजुतीने काचबिंदूचा रुग्ण थांबून राहिला, तर पिकण्यासारखे काही उरलेलेच नसते. हिंदीत या रोगाला काला मोतिया म्हणतात, गुजरातीत झामर. हिंदी नावातही मोतीबिंदूशी असलेले नाते तसेच राहिले आहे. खुद्द 'काच' हा शब्द संस्कृत वैद्यकग्रंथांत आजच्या मराठी अर्थाने येत नाही. तिमिर, काच आणि लिंगनाश ही तेथे एकाच विकाराची चढती पायरी आहे, आणि तो विकार आजच्या वर्गीकरणात मोतीबिंदूच्या अधिक जवळचा ठरतो. म्हणजे शब्द एका रोगावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला. युरोपीय भाषांतील 'ग्लॉकोमा' या ग्रीक नावाचीही कथा अशीच आहे : बाहुलीत दिसणाऱ्या निळसर-हिरवट झाकेवरून पडलेले ते नाव पुढे झाकेशी संबंध नसलेल्या रोगाला चिकटून राहिले.

सुश्रुतसंहितेचे उत्तरतंत्र नेत्ररोगांनीच सुरू होते आणि तेथे ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांतील 'अधिमंथ' हा येथे लक्षात घ्यावा असा आहे. डोळा उपटला जात आहे, घुसळला जात आहे अशी वेदना, ती अर्ध्या डोक्यात पसरणे, आणि उपचार चुकल्यास मोजक्या रात्रींत दृष्टी जाणे, असे त्याचे वर्णन आहे. नेत्रदाब एकाएकी वाढल्याने होणाऱ्या तीव्र काचबिंदूशी हे वर्णन पुष्कळ जुळते आणि 'मंथ' ही संज्ञा वेदनेचे स्वरूप नेमके पकडते. मात्र अधिमंथ म्हणजे काचबिंदू असे समीकरण मांडणे घाईचे होईल. आज दवाखान्यात येणारा काचबिंदू बहुतांशी मुका असतो. त्यात घुसळण नसते, वेदना नसते, लाली नसते. दृष्टीचा परीघ कडेकडून आत सरकत येतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. वेदनेने स्वतःची ओळख करून देणाऱ्या रोगाचे निदान ऐकून व पाहून करता येते. जो काहीच बोलत नाही, त्याच्यासाठी यंत्र लागते. काचबिंदूच्या बाबतीत या यंत्राने दिलेला आकडा हाच पुष्कळदा पहिला साक्षीदार असतो. साक्षीदाराची साक्ष घेण्यापूर्वी त्याची पारख करणे, म्हणजेच नेत्रदाबमापकाचे अंशशोधन, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

डोळ्याच्या आत नेत्रजल सतत तयार होते आणि सतत बाहेर वाहून जाते. या आवकजावकीच्या मेळातून डोळ्यात जो दाब राहतो, तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. सामान्यतः तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. २१ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तिच्या आत राहूनही काचबिंदू होतो आणि ती ओलांडूनही कित्येकांना होत नाही. तरीही दाबाचे महत्त्व कमी होत नाही, कारण या रोगात वैद्याच्या हाती असलेला, औषधाने वा शस्त्राने खरोखर बदलता येणारा घटक तेवढाच आहे. स्वीडनमध्ये झालेल्या एका दीर्घ चिकित्सा-प्रयोगाचे २००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात, की दाब एकेका मिलिमीटरने उतरला तर रोग पुढे सरकण्याचा धोका दर मिलिमीटरमागे सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. जेथे एका मिलिमीटरला इतकी किंमत आहे, तेथे दोन-तीन मिलिमीटर चुकीचे सांगणारे यंत्र टेबलावर राहू देणे ही क्षुल्लक बाब मानता येत नाही.

यंत्रापूर्वी बोट होते. रुग्णाला खाली पाहण्यास सांगून वरच्या पापणीवरून दोन्ही तर्जन्यांनी डोळा आळीपाळीने किंचित दाबून त्याचा कठीणपणा अजमावीत. विल्यम बोमन याने १८६२ च्या सुमारास या कठीणपणाच्या पायऱ्या ठरवून त्यांना चिन्हे दिली. या पद्धतीला मराठीत 'अदमास' हा शब्द चपखल बसतो. अदमासात अनुभव असतो, पण तो ज्याचा त्याच्यापाशी राहतो. एकाचा अदमास दुसऱ्याच्या अदमासाशी ताडून पाहण्याची सोय नसते. १९०५ मध्ये नॉर्वेच्या यालमार शिओट्झ याने आपले दाबमापक पुढे आणले आणि अदमासाच्या जागी आकडा आला. पुढे बर्न येथील हान्स गोल्डमान याने १९५० नंतरच्या दशकात बनविलेले सपाटीकरणाचे दाबमापक आले. आज नेत्रदाबाच्या मोजणीत इतर यंत्रे ज्याच्याशी ताडून पाहतात, ते हेच.

गोल्डमानच्या यंत्रामागील तत्त्व साधे आहे. फुगलेल्या गोलाचा ठराविक भाग सपाट करण्यास जितके बळ लागते, त्यावरून आतील दाब काढता येतो. पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बधिर करून अश्रूंच्या थरात फ्लुओरेसिन हा रंग मिसळतात आणि निळ्या प्रकाशात प्रिझमचे टोक पारपटलाला हलकेच टेकवितात. सूक्ष्मदर्शकातून दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसतात. बाजूचा ड्रम फिरवून बळ वाढवीत नेले की ती सरकतात, आणि त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या टेकल्या की सपाट झालेल्या भागाचा व्यास ३.०६ मिलिमीटर भरतो. हा आकडा मनमानीचा नाही. या व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७.३५ चौरस मिलिमीटर होते. त्यावर एक ग्रॅम भार दिला तर दर चौरस सेंटिमीटरवर १३.६ ग्रॅम भार पडतो. आणि पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्यामुळे तो भार बरोबर १० मिलिमीटर पाऱ्याइतका ठरतो. म्हणून ड्रमवरील १ म्हणजे १० मिलिमीटर, २ म्हणजे २०. शिवाय याच व्यासाच्या आसपास पारपटलाचा ताठरपणा व अश्रूंच्या थराची ओढ ही दोन विरुद्ध बळे जवळजवळ एकमेकांना फेडतात. यंत्राच्या रचनेतील हे चातुर्य पाहून कोणालाही संतोष वाटावा. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे : ड्रमवर २ दिसत असता प्रिझमच्या टोकावर खरोखरच दोन ग्रॅमचा भार आहे.

हे गृहीत रोज खरे असतेच असे नाही. गोल्डमानचे यंत्र म्हणजे मुळात एक तराजू आहे. त्यात टेकू आहे, त्यावर डोलणारा बाहू आहे, आणि ड्रम फिरविल्यावर बाहूवर येणारा तोल आहे. तराजूला जे जे होते ते यालाही होते. टेकूशी धूळ साचते, धातू झिजतो, कोणाचा तरी कोपर लागून यंत्र खाली पडते, स्लिटलॅम्पसकट ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत वा शिबिराच्या गाडीतून खडबडीत रस्त्याने नेले जाते, प्रिझम बसविताना बाहूवर नको तितका जोर पडतो. परिणाम एकच : तोल किंचित कलतो. बाजारपेठेच्या मराठीत यासाठी 'पासंग' हा फारसीतून आलेला शब्द शतकानुशतके रुळलेला आहे. दोन पारडी रिकामी असता सारखी राहत नसतील, तर हलक्या बाजूला जो खडा बांधावा लागतो तो पासंग. आणि पारड्यांतील त्या मूळच्या फरकालाही पासंगच म्हणतात. गिऱ्हाईक दुकानदाराला 'आधी पासंग दाखव' असे म्हणू शकते. डोळे बधिर करून हनुवटी टेकवून बसलेल्या रुग्णाला असे म्हणण्याची सोय नसते.

मापाचे माप घेण्याचा हा विचार भारतीय वाङ्मयाला नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील तुला-मान-पौतवाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. तेथे पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. वजने लोखंडाची असावीत किंवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत, अथवा अशा द्रव्याची, की जे पाण्याने वा लेपाने वाढणार नाही आणि उष्णतेने घटणार नाही, असा दंडक आहे. प्रमाणवस्तू कशाची करावी याचे इतके जुने व इतके नेमके उत्तर विरळाच सापडेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मापे दर चार महिन्यांनी तपासून मुद्रांकित करून घ्यावीत असे तेथे सांगितले आहे, आणि तपासणी न झालेल्या मापासाठी सव्वासत्तावीस पण दंड आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हीच जबाबदारी राजावर टाकून दर सहा महिन्यांनी फेरपरीक्षा सांगितली आहे. मुदतीबद्दल मतभेद आहे. मुदत असावी याबद्दल नाही. माप एकदा बरोबर केले म्हणजे ते कायमचे बरोबर राहते, असे या दोघांपैकी कोणीही मानलेले नाही.

अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आणखी एक सूक्ष्म गोष्ट येते. परिमाणी आणि द्रोण या मापांत अर्ध्या पलाचा फरक दोष मानलेला नाही. तो पूर्ण पलावर गेला की बारा पण दंड. आज यंत्रशास्त्रात ज्याला सह्य त्रुटीची मर्यादा म्हणतात ती हीच होय. निर्दोष माप अस्तित्वात नसते, म्हणून किती दोष चालेल हे आधी सांगून ठेवावे लागते. विशेष हे, की कमी भरणारे आणि जास्त भरणारे अशी दोन्ही मापे तेथे एकाच न्यायाने दोषी आहेत. जास्त भरणाऱ्या मापाने गिऱ्हाइकाचा फायदाच होईल असा युक्तिवाद ग्रंथकाराने ऐकून घेतलेला नाही. दवाखान्यातही असा युक्तिवाद ऐकू येतो, की यंत्राने दाब थोडा जास्त दाखविला तर काय बिघडले, सावधगिरीच बरी. पण जास्त दाखविणाऱ्या यंत्रामुळे निरोगी माणसाच्या हाती जन्मभराची थेंबांची बाटली येते, तिचा खर्च येतो, तिचे दुष्परिणाम येतात, आणि आपण आंधळे होणार ही धास्ती येते. कमी दाखविणारे यंत्र तर दृष्टीच नेते आणि नेताना मागमूस ठेवीत नाही.

आता प्रत्यक्ष परीक्षा. गोल्डमानच्या यंत्राबरोबर एक धातूची दांडी येते. किती दवाखान्यांत ती खोक्यातून कधी बाहेरच निघत नाही! तिच्यावर पाच खुणा असतात : मधली शून्याची, तिच्या दोन्ही अंगांना दोन ग्रॅमच्या, आणि त्यांच्यापलीकडे सहा ग्रॅमच्या. प्रथम प्रिझम बसवून, दांडीशिवाय, शून्याची परीक्षा करावी. ड्रम शून्याच्या किंचित खाली, म्हणजे ०.०५ मागे असता बाहू तपासणाऱ्याकडे कलावा. शून्याच्या पुढे तितकाच सरकविला की तो रुग्णाच्या बाजूला कलावा. मग दांडी तिच्या धारकात घालून दोन ग्रॅमची खूण जुळवावी आणि लांब टोक तपासणाऱ्याकडे ठेवून धारक यंत्राच्या अक्षावर बसवावा. आता दांडीचा भार बाहूला मागे ओढीत असतो आणि ड्रमचे बळ त्याला पुढे रेटीत असते. ड्रम अगदी सावकाश फिरवीत न्यावा. बाहू १.९५ आणि २.०५ यांच्या दरम्यान पुढे कलला तर यंत्र त्या ठिकाणी खरे बोलते. सहा ग्रॅमच्या खुणेवर ही मर्यादा ५.९ ते ६.१ अशी थोडी सैल आहे. बाहू जर २.२ ला कलला, तर त्याचा अर्थ असा, की प्रत्यक्षात दोन ग्रॅमचाच भार देण्यासाठी ड्रमवर २.२ पर्यंत जावे लागते. म्हणजे २० दाबाच्या डोळ्याला हे यंत्र २२ म्हणेल. बाहू १.८ लाच कलला तर तोच डोळा १८ चा ठरेल. शिकणाऱ्याचा हमखास गोंधळ येथे होतो : बाहू उशिरा कलला म्हणजे यंत्र कमी दाखविते असे वाटते, वस्तुस्थिती उलट असते.

शून्याची परीक्षा उतरली म्हणजे बाकीच्या दोन्हींची गरज नाही, असे समजणे बरोबर नाही. रिकामी पारडी सारखी असूनही भार चढल्यावर खोटे बोलणारे तराजू असतात. तीन खुणांपैकी दोन ग्रॅमची खूण सर्वांत मोलाची मानावी, कारण औषध सुरू करावे की नाही, वाढवावे की नाही, हे निर्णय बहुतेक २० च्या आजूबाजूलाच घेतले जातात. सहाची खूण चुकलेली आढळली तरी तीव्र झटक्याच्या रुग्णात दाब फार चढलेला आहे हे समजण्यास अडचण येत नाही. अर्थात तेवढ्यामुळे ती परीक्षा वगळण्याचे समर्थन होत नाही.

परीक्षेत नापास झालेल्या यंत्राचे काय करावे? येथे दोन वाटा टाळाव्यात. एक, दवाखान्यातील कोणीतरी पेचकस घेऊन ते उघडणे. दुसरी अधिक सभ्य दिसते म्हणून अधिक धोक्याची आहे : यंत्र दोनने जास्त दाखविते हे लक्षात ठेवून प्रत्येक वाचनातून मनातल्या मनात दोन वजा करणे. पासंग मनात धरून व्यापार करणारा दुकानदार प्रामाणिक असू शकेल, पण त्याच्या जागी गल्ल्यावर मुलगा बसला की हिशेब फिरतो. त्याशिवाय त्रुटी सर्व खुणांवर सारखी नसते आणि आज आहे तितकी महिन्याने राहत नाही. यंत्र बाजूला काढावे, त्यावर तसे लिहून ठेवावे, आणि ते निर्मात्याकडे वा त्याने नेमलेल्या जाणकाराकडे दुरुस्तीस पाठवावे, हाच सरळ मार्ग. परीक्षा किती दिवसांनी करावी याचा सामान्य दंडक महिन्यातून एकदा असा आहे. जेथे एका यंत्रावर दिवसभर रांग लागते तेथे आठवड्याने केली तरी ती फाजील ठरू नये, कारण तिला पाचच मिनिटे लागतात. यंत्र पडले, हलविले किंवा दुरुस्त होऊन आले, तर मुदतीची वाट पाहण्याचे कारणच नाही.

ही सारी काळजी पुस्तकी आहे असे वाटू नये. चेन्नई येथील एका नेत्ररुग्णालयात वापरात असलेल्या गोल्डमान दाबमापकांची अशी परीक्षा केली गेली आणि तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. निर्मात्याने घातलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या मर्यादेत बसणारी यंत्रे त्यांत फारच थोडी निघाली. हे दुर्लक्षित खेड्यातील मोडकळीस आलेल्या साधनांविषयी नव्हते. ब्रिटनमध्ये त्याच दशकात झालेल्या पाहण्यांतही मर्यादेबाहेर गेलेली यंत्रे आणि परीक्षेची रीत ठाऊक नसलेले चिकित्सक, दोन्ही आढळले. स्वतःच्या यंत्रांची झडती घेऊन ती छापणाऱ्या संस्थेचे येथे कौतुकच केले पाहिजे. जेथे झडती झाली नाही तेथील यंत्रे अधिक बरोबर असतील असे मानण्यास काहीच आधार नाही.

शिबिरांतून शिओट्झचे दाबमापक दीर्घकाळ चालले, कारण ते खिशात मावते आणि त्याला वीज लागत नाही. त्याची रीत वेगळी आहे. ते पारपटल सपाट करीत नाही, खळगा पाडते. ५.५ ग्रॅमच्या भाराने दट्ट्या किती आत गेला हे काटा दाखवितो. दाब जितका कमी तितका काटा पुढे जातो; डोळा कठीण असला तर ७.५, १० वा १५ ग्रॅमची वजने चढवितात. त्याच्या परीक्षेसाठी डबीतच एक गोलसर धातूचा ठोकळा असतो. त्यावर उभे केले असता काटा शून्यावर यावा. न आल्यास बहुधा दट्ट्याच्या नळीत सुकलेले अश्रू किंवा रंग अडकलेला असतो. दट्ट्या काढून तो व नळी स्वच्छ व कोरडी केली की बहुतेक तक्रारी मिटतात. पण या यंत्रात दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे आणि ग्रंथाभ्यासकाला तो परिचित वाटेल. काट्याचा आकडा हा दाब नव्हे. सारणी पाहून त्याचा दाबात अनुवाद करावा लागतो. या सारण्या फ्रीडेनवाल्डच्या संशोधनानुसार वेळोवेळी बदलल्या. १९४८ ची सारणी वेगळी, १९५५ ची वेगळी. काटा तोच, पाठ दोन. जुन्या टिपणातील दाबाचा आकडा कोणत्या सारणीवरून घेतला हे लिहिलेले नसेल, तर त्याचा अर्थ लावताना पाठभेदाच्या अडचणीच उभ्या राहतात.

हवेचा झोत सोडून मोजणारी आणि सूक्ष्म सळई पारपटलावर आपटून तिच्या उसळीवरून मोजणारी यंत्रे आज पुष्कळ ठिकाणी दिसतात. ती वापरण्यास सोपी आहेत, रुग्णाला कमी त्रासाची आहेत. परंतु दांडी बसवून त्यांचा पासंग पाहता येत नाही. यंत्र स्वतःच आपली अंतर्गत तपासणी करून ठीक असल्याचे सांगते, आणि वापरणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. दवाखान्याच्या हाती उरते ती तुलना : अंशशोधन झालेल्या गोल्डमान यंत्राशी काही रुग्णांची वाचने ठराविक काळाने ताडून पाहणे. तेव्हा नव्या यंत्रामुळे जुन्या यंत्राची निगा राखण्याची गरज संपत नाही, उलट वाढते.

येथवर आलेल्या मुद्द्याला भारतीय तत्त्वज्ञानातील एका जुन्या वादाचा संदर्भ देता येईल. मीमांसकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते; कारणांतील दोष उघडकीस आला किंवा विरोधी ज्ञान झाले तरच ते बाधित होते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य परतः, म्हणजे अन्य साधनाने ठरते. दवाखान्यातील नित्याचा व्यवहार मीमांसकाच्या पठडीतला असतो. ड्रमवर १६ आले, १६ लिहिले. हे अगदीच गैर नाही. प्रत्येक वाचनापूर्वी यंत्राचे प्रामाण्य सिद्ध करू म्हटले तर ओपीडी दुपारीही संपणार नाही. पण मीमांसकाने घातलेली अट येथे विसरली जाते. कारणदोष दिसला तर ज्ञान सोडावे, असे तो म्हणतो. आणि मुक्या काचबिंदूत तो दोष आपणहून दिसण्याची व्यवस्थाच नसते. कमी दाखविणाऱ्या यंत्राचे खोटेपण रुग्णाच्या दृष्टीचा परीघ आक्रसल्यावर काही वर्षांनी उघड होते, आणि तोपर्यंत ते यंत्र कदाचित भंगारातही गेलेले असते. बाधक ज्ञान इतक्या उशिरा येणार असेल तर नैयायिकाची वाट धरून प्रामाण्य आधीच, आणि बाहेरून, तपासले पाहिजे. ती पाच खुणांची दांडी म्हणजे हे 'परतः' होय.

अंशशोधनाने सर्वच दोष जातात असे मात्र नाही. दोष यंत्राचे असतात, तसे पाहणाऱ्याचे आणि पाहिल्या जाणाऱ्याचेही असतात. रंग फार झाला तर अर्धवर्तुळे जाड दिसतात आणि दाब वाढीव येतो. रुग्णाने श्वास रोखला, डोळे घट्ट मिटण्याचा प्रयत्न केला, गळ्याशी सदऱ्याची पट्टी आवळलेली असली, तरी तोच परिणाम. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त जाडीचे पारपटल धरून गोल्डमानने आपला हिशेब बसविला. त्याहून जाड पारपटलाच्या डोळ्यात दाब असल्यापेक्षा जास्त आणि पातळ पारपटलाच्या डोळ्यात कमी दिसतो. दिवसाच्या निरनिराळ्या वेळी खरा दाबही बदलतो. हे सारे गोंधळ असताना यंत्राचाच पासंग कशाला शोधावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की बाकीचे दोष ओळखण्यासाठीसुद्धा एक गोष्ट स्थिर धरावी लागते, आणि या व्यवहारात स्थिर धरता येईल अशी गोष्ट यंत्रावाचून दुसरी नाही.

रुग्ण एका जागी राहत नाही, हाही विचार करावा लागतो. विदर्भातल्या एखाद्या शिबिरात मोजलेला दाब नागपूरला पुन्हा मोजला जातो, मुलगा नोकरीस असतो म्हणून पुढची तपासणी हैदराबादला वा सुरतेला होते. कागदावर अनुक्रमे १७, २१ आणि १८ असे आकडे येतात. रोग वाढला, औषध लागू पडले, की तीन यंत्रे तीन भाषा बोलली? केवळ आकड्यांकडे पाहून हे कळण्याचा मार्ग नाही. म्हणून नोंदीत दाबाच्या आकड्याशेजारी मोजल्याची वेळ, यंत्राचा प्रकार आणि त्या यंत्राचा दवाखान्यातील क्रमांक असावा. आणि प्रत्येक यंत्रासाठी एक लहान वही असावी, तीत परीक्षेची तारीख, तिन्ही खुणांवर बाहू कोठे कलला ते आकडे आणि परीक्षा घेणाऱ्याची सही असावी. 'ठीक आहे' असा शेरा या वहीत चालू नये. १.९८, २.००, २.०३, २.०५ असे आकडे महिनोगणती लिहिलेले असतील तर यंत्र मर्यादा ओलांडण्यापूर्वीच त्याचा कल दिसतो. चार वेळा लिहिलेल्या 'ठीक' मधून काहीच दिसत नाही. किराणा दुकानाच्या तराजूची मुदतीने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो, २००९ च्या वैधमापन कायद्याने तशी व्यवस्था केली आहे. जर्मनीसारख्या देशात डोळ्यांच्या दाबमापकांनाही ठराविक मुदतीची तपासणी लागू आहे. आपल्याकडे या यंत्रांची रोजची राखण मुख्यतः दवाखान्याच्या विवेकावर चालते, आणि विवेकाचा पुरावा म्हणजे ही वही.

शेवटी परिभाषेबद्दल थोडे, कारण चूक पुष्कळदा शब्दापासूनच सुरू होते. मराठीत या क्रियेसाठी 'अंशांकन' आणि 'अंशशोधन' हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. त्यांत भेद पाळणे इष्ट आहे. अंशांकन म्हणजे पट्टीवर अंशांच्या खुणा करणे. ते कारखान्यात, एकदाच होते. अंशशोधन म्हणजे त्या खुणा अजून खऱ्या आहेत की नाहीत याचा शोध. ते दवाखान्यात, पुन्हा पुन्हा व्हावे लागते. यंत्राच्या कागदपत्रांत 'अंशांकन झाले आहे' असे वाचून तंत्रज्ञ निर्धास्त होतो, तेव्हा त्याने भूतकाळातील एका घटनेला चालू काळातील हमी समजलेले असते. प्रशिक्षणाच्या मराठी पुस्तिकांत 'अंशशोधन' हाच शब्द घ्यावा आणि त्याच्याशेजारी कंसात 'पासंग पाहणे' असे लिहावे. शिबिरात मदतीला येणारी, बारावीपर्यंत शिकलेली मुलगी पहिला शब्द पाठ करील आणि दुसरा तिला घरूनच ठाऊक असेल.